चार सबस्क्रिप्शनं आणि एक वही

रात्री झोपायला जाणार तेवढ्यात फोन वाजला, बघितलं तर मेसेज, अमुक अमुक ॲपचं सबस्क्रिप्शन रिन्यू झालं, पैसे कापले, धन्यवाद. नवऱ्याला म्हटलं हे तुझं का, तो म्हणाला छे, तुझंच असेल, आणि असं दहा मिनिटं तुझं-माझं झाल्यावर लेकाने ते ॲप उघडून दाखवलं तर शेवटचं बघितलेलं काहीतरी अकरा आठवड्यांपूर्वीचं, तेही बारा मिनिटं बघून सोडून दिलेलं. म्हणजे आधीच्या दोन महिन्यांचे मेसेज आम्ही वाचलेसुद्धा नव्हते. जिमचे पैसे भरून घरी झोपणाऱ्यांना मी इतकी वर्षं हसत आलेय, तर झालं माझंही तेच.

मग ठरवलं की व्हिडिओसाठी पैसे मोजावेत की नाही हा वाद तोंडाने घालायचा नाही, वहीत लिहायचं. टीव्हीशेजारी एक वही ठेवली, दोरीने पेन बांधलं (नाहीतर पेन पहिल्याच दिवशी गायब), आणि घरातल्या प्रत्येकाने काय उघडलं, किती वेळ बघितलं, हे लिहायचं असा नियम काढला. दोन महिने. लेकाने पहिले चार दिवस नाक मुरडलं, नंतर त्यालाच मजा यायला लागली, तो सगळ्यांच्या चुका पकडायचा. हा जो रिव्ह्यू आहे तो त्या वहीवरून. चार सबस्क्रिप्शनं होती: एक मोठं सिरीजवालं ॲप, टॉपचा प्लॅन. दुसरं सिनेमांचं, वर सांगितलेलं अकरा आठवडेवालं. तिसरं म्हणजे फुकटच्या व्हिडिओ साइटचंच जाहिराती बंद करणारं. आणि चौथं, एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी दर महिन्याला थोडे पैसे देते ते. माझ्या चारांची नावं घेत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही ॲपवर घडू शकतं आणि मला कुणाच्या कस्टमर केअरशी भांडायची हौस नाहीये.

आधी सिरीजवालं. दोन महिन्यांत मिळून एकतीस तास बघितलं गेलं, ऐकायला बरं वाटतं. पण त्यातले सव्वीस तास एकट्या सासूबाईंचे, आणि ते सगळेच्या सगळे एकाच जुन्या मालिकेचे जी त्यांनी आधी दोनदा पाहिलेली आहे! बाकी आम्ही तिघं मिळून पाच तास. आणि वहीत लेकाने एक वेगळा कॉलम पाडला होता, ‘शोधण्यात गेलेला वेळ’, तो बघून मला खरंच लाज वाटली. एका शनिवारची नोंद आहे, नऊ वाजून दहा मिनिटांनी टीव्ही लावला, नऊ पन्नासला आई सोफ्यावर झोपली, काहीही बघितलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही नुसते ट्रेलर बघत होतो, हे नको फार रडकं आहे, हे नको आठ भाग आहेत, हे चांगलं दिसतंय पण नंतर बघू. लग्नात साड्यांच्या दुकानात बसल्यासारखं, गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायचे आणि रिकाम्या हाताने उठायचं. हजारो टायटल्स असण्याचे आपण पैसे देतो खरे, पण त्या हजारांतून आपल्याला आज रात्री एकच हवं असतं आणि तेच सापडत नाही.

आता टॉपच्या प्लॅनची गंमत. फोर-के, चार स्क्रीन वगैरे म्हणून तो घेतला होता. आमचा टीव्ही फोर-के नाहीये हे कुणीच विचारात घेतलं नव्हतं, पण ते सोडा, तो आमचा गाढवपणा. खरा घोळ नवऱ्याच्या फोनमध्ये. नवा फोन, स्क्रीन झकास, आणि त्यावर चित्र मात्र धुरकट, माणसांची तोंडं मेणाची असल्यासारखी. नेट बदललं, ॲप काढून परत टाकलं, फोन बंद-चालू केला, काही नाही. शेवटी लेकाने शोधून काढलं. अँड्रॉइड फोनवर हे सगळे व्हिडिओ वाइडवाइन नावाच्या, कॉपी होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपातून येतात, ते गूगलचं आहे, आणि त्या कुलपाच्या लेव्हल असतात. एल-वन असेल तर उलगडण्याचं सगळं काम चिपच्या आतल्या सुरक्षित भागात होतं आणि मग कंपन्या एचडी द्यायला तयार होतात. एल-थ्री असेल तर ते काम नुसत्या सॉफ्टवेअरवर चालतं, तिथून चोरी सोपी, म्हणून मग तुम्ही कितीही मोठा प्लॅन घ्या, बहुतेक ॲप तुम्हाला जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचंच चित्र देणार. नवऱ्याचा फोन एल-थ्री निघाला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे प्लॅन विकताना मोठ्या अक्षरांत कुणी सांगत नाही, फोनच्या खोक्यावरही दिसत नाही, तेव्हा पैसे भरायच्या आधी डीआरएम इन्फो सारखं एखादं फुकटचं ॲप टाकून आपल्या फोनची लेव्हल बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

तर पहिल्याच आठवड्यात आम्ही टॉपवरून खालच्या प्लॅनवर आलो आणि वहीत कुणालाही, म्हणजे कुणालाच, फरक पडल्याची नोंद नाही.

हे सगळं इतकं महागडं आणि विस्कटलेलं कधी झालं याचा विचार करत बसले तर आठवलं की सुरुवातीला हा प्रकार खरंच सुटसुटीत होता. नेटफ्लिक्स १९९७ साली सुरू झालं ते पोस्टाने डीव्हीडी पाठवायला, नेटवरून थेट बघायची सोय २००७ मध्ये आली, आणि तेव्हा बाकीच्या स्टुडिओंना ते एक साइड इन्कम वाटत होतं, त्यांनी आपापले सिनेमे आणि मालिका देऊन टाकल्या. एका पैशात सगळं एका जागी. २०१३ पासून नेटफ्लिक्स स्वतःच मोठ्या मालिका बनवून बाकीच्यांना भारी पडायला लागलं तेव्हा सगळे खडबडून जागे झाले, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ॲपल टीव्ही प्लस आणि डिस्ने प्लस दोन्ही आले, मागोमाग बाकीचे, आणि जो तो आपली पोरं घरी परत घेऊन गेला. आता एकच मालिका कुठे आहे हे शोधायला वेगळी वेबसाइट लागते. केबलला कंटाळून लोक इकडे आले होते, की नको असलेले शंभर चॅनल कशाला घ्यायचे म्हणून, आणि आता शंभर चॅनलच्या जागी सात ॲप. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आणि जाहिराती! पैसे द्यायचे ते जाहिराती नकोत म्हणून, अशी माझी तरी भाबडी समजूत होती. २०२२ च्या सुरुवातीच्या तीन महिन्यांत नेटफ्लिक्सचे दोन लाख ग्राहक कमी झाले, दहाएक वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा जाहिरातींवाला स्वस्त प्लॅन आला. पासवर्ड शेअर करणं म्हणजेच प्रेम अशा अर्थाचं ट्वीट याच कंपनीने २०१७ मध्ये केलेलं, आणि २०२३ मध्ये वेगळ्या घरातल्या माणसासाठी वेगळे पैसे मागायला लागले. प्रेमाला पण एक्स्ट्रा चार्ज. प्राइम व्हिडिओने तर जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आणि मग एकेका देशात आहे त्याच प्लॅनमध्ये जाहिराती घातल्या आणि त्या नको असतील तर वरून थोडे जास्त द्या म्हणाले. कंपन्यांची बाजू मला कळते, शूटिंगला पैसा लागतो, सर्व्हरला लागतो, एक तास एचडी म्हणजे तीनेक जीबी डेटा आणि फोर-के म्हणजे सातेक, तो कुठून तरी वाहून आणायचा असतो. मान्य. पण आपण जेव्हा सही करतो तेव्हा एक वस्तू विकत घेतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ती वस्तू दर वर्षी मागच्या दाराने बदललेली असते.

वस्तू म्हणताना पण जपून म्हणायला हवं. आपल्या मालकीचं काहीच नसतं. माझ्याच बाबतीत, लांबच्या रेल्वे प्रवासासाठी लेकाने सहा भाग डाउनलोड करून ठेवले होते, डबा हलला, गाव मागे पडलं, रेंज गेली, आणि याने फोन काढला तर तिथे ‘मुदत संपली, इंटरनेटला जोडा’. चौदा तास. चौदा तास तो मला विचारत होता की डाउनलोड म्हणजे मग नक्की काय गं आई, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता कळलंय की डाउनलोडला पण तारीख असते, कुठे काही दिवस, कुठे एकदा प्ले दाबलं की अठ्ठेचाळीस तास, आणि घरातून निघायच्या दिवशी एकदा नेट चालू ठेवून ॲप उघडायचं असतं. बरं हे भाड्याचं झालं. ज्यांनी ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं बटण दाबून विकत घेतलं त्यांचं काय? डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनने, म्हणजे सोनीच्या त्या गेमवाल्या डब्याने, लोकांना कळवलं होतं की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता तुमच्या लायब्ररीतून जाणार. आरडाओरडा झाला, मग करार वाढवला आणि ते तात्पुरतं टळलं. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे, डिजिटल वस्तूवर ‘खरेदी’ लिहायचं असेल तर हे फक्त लायसन्स आहे, मालकी नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लागतं. आणि डिस्नेने २०२३ मध्ये स्वतःच बनवलेले कितीतरी कार्यक्रम स्वतःच्याच ॲपवरून काढून टाकले, म्हणजे दुसऱ्याचे करार संपले वगैरे कारणसुद्धा नाही. माझ्याकडे जुन्या डीव्हीडींचा एक डबा आहे, माळ्यावर, गेल्या महिन्यात तो खाली काढला आणि पुसून ठेवला. प्लेयर नाहीये. तरी ठेवलाय.

आता तिसरं, जाहिराती बंद करणारं. याच्याबद्दल माझं मत वही लिहायच्या आधी सगळ्यात वाईट होतं. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यासाठी पैसे द्यायचे, कशाला? नवऱ्याने परस्पर घेतलं होतं आणि त्यावरून आमचं वाजलं होतं. पण वहीत आकडे आले तेव्हा मी गप्प बसले. दोन महिन्यांत घरातल्या सगळ्यांचे मिळून दोनशे दहा तास. सिरीजवाल्या ॲपच्या जवळजवळ सात पट! लेकाची गणितं त्यावर, नवऱ्याच्या गाड्यांच्या इंजिनाच्या भानगडी त्यावर, माझं शिवणकाम त्यावर, सासूबाईंची दुपारची भजनं फोन बंद करून उशाशी ठेवून ऐकायची, तीही त्यावरच, कारण स्क्रीन बंद असताना आवाज चालू राहणं हे पैसे भरल्यावरच मिळतं. आम्ही जिथे खरंच राहतो ते घर हे होतं आणि भाडं मात्र आम्ही बाकीच्या दोन रिकाम्या बंगल्यांचं कुरकुर न करता भरत होतो.

तरी एक गोष्ट खटकतेच, ती बोलते. या सबस्क्रिप्शनमध्ये आपल्याला नवीन काही मिळत नाही, होणारा त्रास थांबतो फक्त. भीक नको पण कुत्रं आवर, त्यातला प्रकार. आणि कुत्रं सोडणारा आणि आवरणारा एकच असल्यावर दर वर्षी कुत्रं जरा जास्तच भुंकायला लागतं असा माझा अनुभव आहे, आधी एक जाहिरात, मग लागोपाठ दोन, मग न टाळता येणारी. अशा साइटवरचे व्हिडिओ पण जाहिरातींमुळे कसे फुगलेत बघा. यूट्यूबवर मधेच जाहिरात टाकायची तर व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा लागायचा, २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांचा पुरतो. म्हणून आठ मिनिटं आणि वर काही सेकंद असे इतके व्हिडिओ दिसतात, सुईत दोरा कसा ओवायचा हे सांगायलासुद्धा, ज्यातली पहिली तीन मिनिटं नमस्कार मित्रांनो आणि बेल आयकॉन. पैसे भरून जाहिरात जाते, ही भरताड कुठे जाते? आणि व्हिडिओ बनवणारा स्वतःच मध्येच थांबून एखाद्या कंपनीचं गुणगान करतो ते तर जातच नाही, ते व्हिडिओचाच भाग आहे ना.

लेकाचं म्हणणं, आई, ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि विषय संपव. त्याच्या वर्गात सगळे तेच करतात म्हणे. मी त्याला उपदेश वगैरे केला नाही कारण मीही पूर्वी कॉम्प्युटरवर टाकला होता. पण पैसा कसा फिरतो हे बघितल्यावर काढला. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या कमाईतला ५५ टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्सवर, म्हणजे त्या छोट्या उभ्या व्हिडिओंवर, ४५. आणि प्रीमियमचे, म्हणजे जाहिराती बंद करायला लोक भरतात ते, जे पैसे जमतात त्यातलाही वाटा निघतो, सदस्यांनी कुणाचं किती वेळ बघितलं त्या प्रमाणात. ब्लॉकर लावला की आपल्याकडून त्या माणसाला शून्य. म्हणजे तीन रस्ते आहेत, जाहिरात सोसा, पैसे भरा किंवा हात झटका, आणि तिसऱ्या रस्त्यात बुडतो तो बनवणारा. ज्याला परवडत नाही त्याने जाहिराती बघाव्यात आणि अजिबात ओशाळं होऊ नये, तोही मोबदलाच आहे, आपल्या वेळेचा. टेलिग्रामवरून सिनेमे उचलणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही, त्यांना सगळं माहीत असतं.

चौथं जे आहे ते माझं एकटीचं. एक वयस्कर माणूस जुनी खिशातली घड्याळं दुरुस्त करतो, बोलत जवळजवळ नाहीच, फक्त हात दिसतात आणि भिंगातून दिसणारं यंत्र. माझी ओळख झाली ती फुकटात बघताना. त्या दिवशी तो हेअरस्प्रिंग बसवत होता, केसाएवढी स्प्रिंग, चिमट्याच्या टोकावर थरथरतेय, तो श्वास धरून आहे हे ऐकू येतं, मी पण धरलेला, आता टेकवणार, आता टेकवणार, आणि धाड्कन एक बाई किंचाळली, तुमच्या केसांना हवंय नवं पोषण! मी अक्षरशः सोफ्यावरून उडाले. परत व्हिडिओ आला तेव्हा स्प्रिंग बसलेली होती आणि चाक डुलायला लागलं होतं. तो क्षण गेला. मागे नेऊन परत बघितलं पण ते परत बघितल्यासारखंच झालं.

त्याच आठवड्यात मी त्याची मेंबर झाले. असे थेट पैसे द्यायचे मार्ग आता बरेच आहेत, पॅट्रिऑन नावाची वेबसाइट २०१३ पासून आहे, यूट्यूबची स्वतःची चॅनल मेंबरशिप आहे ज्यात ७० टक्के बनवणाऱ्याकडे जातात, आणि नेब्युला म्हणून एक व्हिडिओ ॲप आहे जे काही व्हिडिओ बनवणाऱ्यांनीच २०१९ मध्ये मिळून उभं केलं. मेंबर झाल्यावर काय मिळतं? एक दिवस आधी व्हिडिओ, नावाच्या पुढे एक बिल्ला, आणि काही जास्तीचे व्हिडिओ जे मी, वहीत लिहिलंय म्हणून कबूल करते, एकदाही उघडले नाहीत. हिशेबाने बघितलं तर चारांमधला हा सगळ्यात वाईट सौदा. तासाला सगळ्यात जास्त पैसे मी इथे देते. तरी हेच एक सबस्क्रिप्शन आहे ज्याचा कापल्याचा मेसेज आला की मला बरं वाटतं. मधे एकदा त्याचं लिहिलेलं आलं, डोळ्याचं ऑपरेशन आहे, दोन महिने काम होणार नाही, तोवर कुणाकडूनही पैसे घेत नाही, कापणं थांबवलंय. इतकंच, तीन ओळी. त्या अकरा आठवडेवाल्या ॲपला मी आहे की मेलेय हेसुद्धा माहीत नव्हतं आणि पैसे मात्र अगदी तारखेला.

तर ते बंद करायला बसले, त्याची गोष्ट सांगते. फोनच्या ॲपमध्ये बंद करायचं बटण नाही, वेबसाइटवर जा. वेबसाइटवर अकाउंट, मग प्लॅन, मग ‘प्लॅन बदला’, त्याच्या खाली फिकट राखाडी अक्षरांत ‘रद्द करा’. दाबलं. पुढच्या पानावर, तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतंय, खाली मोठं निळं बटण ‘राहते’, शेजारी नुसती अक्षरं ‘पुढे जा’. पुढे गेले तर कारण विचारलं, कारणावर टिक केल्याशिवाय पुढचं पान येईना. केली. मग अर्ध्या किमतीत तीन महिने देतो म्हणाले (म्हणजे इतके दिवस दुप्पट घेत होतात का?). नाही म्हटलं. मग तुमची यादी, तुमच्या आवडी सगळं पुसलं जाईल. जाऊ दे. मग पासवर्ड. मग पुन्हा एकदा निळं बटण, आणि यावेळी निळ्या बटणाची जागा बदललेली, सवयीने दाबलं आणि मी होते तिथे परत! लेक मागे उभा राहून मोजत होता, सात पानं. घ्यायला किती लागली होती? एक. अमेरिकेत याच्यावरूनच ॲमेझॉनला कोर्टात खेचलं होतं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, प्राइम मेंबरशिप लोकांच्या गळ्यात कशी मारली आणि बंद करणं किती किचकट ठेवलं यावरून, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरवर तडजोड झाली. त्या तक्रारीत असं आहे की बंद करायच्या त्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत एका लांबलचक ग्रीक युद्धकाव्याचं नाव दिलं होतं. विनोदबुद्धी आहे त्यांच्याकडे, नाही असं नाही.

यावरून मी एक शिकले ते उपयोगाचं आहे म्हणून लिहिते. बहुतेक ठिकाणी सबस्क्रिप्शन घेतल्या घेतल्या लगेच रद्द केलं तरी भरलेल्या महिन्याचं शेवटपर्यंत बघता येतं, फक्त पुढचं आपोआप कापलं जात नाही. तेव्हा महिन्याचं घ्या, त्याच मिनिटाला रद्द करा, आणि बघत बसा. फुकटच्या ट्रायलला मात्र आधी नीट वाचा, काही जण रद्द करताच ट्रायलही तिथेच तोडतात. वर्षाचं एकदम घेतलं की स्वस्त पडतं हे खरं, पण ते जिथे तुम्ही रोज जाता तिथेच. बाकीच्या ॲपांची मालिका आवडीची असेल तर सगळे भाग येऊन जाऊ देत, मग एक महिना घ्यायचा, सुट्टी बघून घ्यायचा आणि फडशा पाडायचा. चर्चेत मागे राहतो आपण, मालिकेत कोण मेलं ते ऑफिसात आधीच कळतं, तेवढं सोसायचं.

सध्या आमच्याकडे असं आहे. जाहिराती बंद करणारं ठेवलं, वर्षाचं घेतलं, आणि नवऱ्याला मी चुकले होते असं एकदा म्हणाले पण, आता तो दर आठवड्याला परत म्हणायला लावतो. सिनेमावालं बंद, सात पानांनंतर. घड्याळवाले काका चालू. आणि सिरीजवालं आम्ही महिनाअखेर बंद करायचं ठरवलं, सगळ्यांच्या मते, सासूबाई सोडून, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

एक तारखेला संध्याकाळी त्या रिमोट घेऊन बसल्या, बटणं दाबली, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि मला हाक मारली, “अगं, यातली माझी माणसं कुठे गेली?” मी म्हटलं, “आई, ते बंद केलंय आता, तुम्ही ती मालिका दोनदा बघितली आहे ना.” तर त्या म्हणाल्या, “तिसऱ्यांदा बघत होते. संपायला चौदा भाग राहिलेत.” बाकी काही बोलल्या नाहीत, रिमोट सरळ करून टेबलावर ठेवला. मी सगळ्यात खालचा प्लॅन घेतला, एक महिन्याचा, आणि लगेच रद्द करायला वेबसाइट उघडली. तेवढ्यात लेकाने वही माझ्या हातातून घेतली, आजच्या तारखेपुढे ‘आजी’ लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात त्या काय सांगतात त्याची वाट बघत तिच्या शेजारीच बसला. दीड तासाने बघितलं तर दोघंही बघत होते, रकाना रिकामाच.